हरताळाची मोहोर विकायला काढू नका
(मोडी-वाचन समूहाच्या चालक मंडळास खुले पत्र)

प्रति,
चालक मंडळ,
आपला मोडी-वाचन समूह, पुणे

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण सभासदांना पाठवलेलं परिपत्रक मी तीनदा वाचलं. येत्या पाडव्यापासून समूहातल्या मोहोरा, म्हणजे सभासद एकमेकांना शाबासकी म्हणून देतात ती छोटी चित्रं, ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर) टोकन, म्हणजे मालकीची नोंद, म्हणून काढायच्या, प्रत्येक प्रकाराच्या ठरावीकच प्रती ठेवायच्या, त्या विकत घेता याव्यात, पुढे आपापसांत विकताही याव्यात आणि त्या पैशातून सर्व्हरचा व स्कॅनिंगचा खर्च भागवावा, असा आपला प्रस्ताव आहे. जुन्या मोहोरा ‘नव्या व्यवस्थेत विलीन होतील’ असंही त्यात म्हटलंय. त्या एका ओळीने माझी झोप उडाली. पत्र खुलं लिहिते आहे, कारण असा विचार आज पुष्कळ ऑनलाइन समूहांत चालू असणार. आपलं काय ठरतं ते त्यांनाही कळलेलं बरं.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी दोन शब्द. आमच्या समूहात लोक आपल्या घरच्या मोडी, म्हणजे जुन्या धावत्या मराठी लिपीतल्या, कागदांचे फोटो टाकतात. माळ्यावर सापडलेलं कुलकर्ण्याचं दप्तर असतं, आजोबांचा जमाखर्च असतो, कधी नुसती एक फाटकी चिठ्ठी. बाकीचे मिळून ते वाचतात आणि बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवतात. २०२० च्या टाळेबंदीत हे सुरू झालं तेव्हा आम्ही अकरा जण होतो. आता मिरजेपासून तंजावरपर्यंतची माणसं आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत, तेव्हा तिकडच्या मराठी घरातला माणूस इथे आला यात नवल नाही, पण त्याची मराठी पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो.

कोणी चांगलं काम केलं की दुसरा सभासद त्याला मोहोर देतो. मोहोर म्हणजे एक छोटं चित्र, आपल्यातल्याच एकीने काढलेलं. पहिलं पान पुरं वाचलं की बोरूची मोहोर. शंभर पानं झाली की रुमालाची, म्हणजे दप्तर बांधायच्या कापडाची. शुहूर सनाचा, म्हणजे जुन्या कागदांत अरबी अंकनामांनी लिहिलेल्या सालाचा, इसवी सन अचूक लावून दिला की जंत्रीची. चित्रावर बोट ठेवलं की कोणी दिली, कधी दिली, कोणत्या कागदासाठी दिली हे दिसतं आणि देणाऱ्याने लिहिलेली एक ओळ दिसते. मोहोर मागता येत नाही, स्वतःची स्वतःला घेता येत नाही, दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही.

आणि एक आहे हरताळाची. पूर्वी पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा रंग, लावून ते झाकत आणि वर नवं अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. आपल्याकडे हरताळाची मोहोर देतो तो चुकलेला माणूस. ज्याने चूक दाखवली त्याला तो ती देतो, आणि मोहोरेवर दोघांचीही नावं राहतात. मला मिळालेल्या सगळ्या मोहोरांत या चार आहेत. मी दिलेल्या एकवीस आहेत. त्या एकविसांचा मला जास्त अभिमान वाटतो, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

पहिली दिली ती मिरजेच्या काकूंना. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं करत नाहीत. आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. हात धावता असला की एखादं अक्षर नुसत्या वळणात जातं. आमच्या घरच्या एका कागदात मी ‘हा ऐवज जमाखर्चात धरणे’ असं वाचलं आणि त्यावरून घराण्याचा अख्खा हिशेब रचला. काकूंनी फक्त विचारलं, ‘धरणेच्या आधी जी वेलांटीसारखी गाठ दिसते ती तुम्ही कशी लावली?’ ती गाठ म्हणजे ‘न’ होता. जमाखर्चात न धरणे. आठ दिवस मी ज्याच्यावर इमला बांधत होते ते साफ उलटं होतं. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, आकड्यांत चुकायची मला सवय नाही. शंभर माणसांसमोर चूक कबूल करायला हात उचलत नव्हता. पण ती मोहोर समोर होती, चूक मान्य करायची एक रीत तिने घालून दिली होती. मी ती दिली आणि हलकी झाले. काकूंचा आणि माझा स्नेह त्या दिवसापासूनचा.

आता परिपत्रकात हरताळाच्या मोहोरेच्या पाचशे प्रती काढायच्या असं आहे, कारण ती ‘सर्वांत दुर्मीळ’ आहे. मंडळींनो, ती दुर्मीळ का आहे? कोणी आकडा बांधून दिला म्हणून नाही. चूक कबूल करणं माणसाला जड जातं म्हणून ती कमी निघते. उद्या ती कोणीही पैसे भरून घेऊ शकला तर तिच्यावर कोणाची नावं असणार? काय चुकलं होतं आणि कोणी दाखवलं, हे कुठे लिहिणार?

मोहोर म्हणजे काय हे आपल्याला तरी सांगायला नको. जुन्या पत्रात माथ्यावर शिक्का उठे आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ एवढीच अक्षरं आहेत. पत्र इथे संपलं, याच्यापुढे कोणी काही वाढवू नये. त्या शिक्क्याला वजन होतं ते तो कोणाच्या हुकमाने उठला यामुळे. तोच शिक्का बाजारात मिळू लागला असता तर त्या कागदाला आपण बनावट म्हटलं असतं, आणि वाचनाच्या पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला असता.

संग्रह आणि पैसा यांचं वाकडं आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. लहानपणी मी बाबांबरोबर रविवारी जुन्या बाजारात जायची. बाबा काडेपेटीचे छाप जमवत. तिथे जमिनीवर फडकं पसरून बसलेले नाणीवाले असत, आणि कोणती शिवराई खरी, कोणती घासून जुनी केलेली, हे नुसत्या बोटांनी सांगणारी माणसं त्यांच्यात होती. त्यांच्या ज्ञानाचा त्यांना पैसा मिळत होता, तो रास्तच होता. पण विकत घेतलेली शिवराई आधी कोणाच्या कनवटीला होती हे ती सांगू शकत नाही. सांगावं अशी तिच्याकडून कोणाची अपेक्षाही नसते. आपली मोहोर मात्र नेमकं तेच सांगते. तेवढं पुसलं तर मागे एक चिमुकलं चित्र उरेल, आणि तशी चित्रं इंटरनेटवर फुकट आहेत.

वाईचे आपले तलाठीकाका गेले तेव्हाची गोष्ट आपल्यातल्या दोघांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. त्यांच्या मुलीला वडील फोनवर तासन्‌तास काय करतात याची कल्पना नव्हती. तेराव्यानंतर तिने फोन उघडला तर त्यात मोहोरांचं पान. एकतीस मोहोरा, एकतीस ओळी. ‘काका, तुमच्यामुळे माझ्या पणजीचं नाव कळलं.’ ‘रात्री साडेअकराला उत्तर दिलंत, सकाळी कोर्टात कागद दाखवता आला.’ ‘तुम्ही रागावला नाहीत म्हणून मी शिकत राहिले.’ ही शेवटची शिरूरच्या एका कॉलेजातल्या मुलीची. काकांच्या मुलीने ते पान छापून घेतलं आणि मला फोन करून म्हणाली, निवृत्तीनंतरचे बाबा मला आज भेटले. याला डिजिटल संग्राह्य वस्तू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी हिचं मोल याच्याशिवाय दुसऱ्या मापाने करू शकत नाही.

हे मापसुद्धा हवेतलं नाही. विकिपीडियावर असाच एक रिवाज आहे. तिथे एक संपादक दुसऱ्याच्या पानावर ‘बार्नस्टार’ नावाचं ताऱ्याचं चित्र लावतो आणि खाली कारण लिहितो. पैशात त्याची किंमत शून्य. २०१२ मध्ये मायकेल रेस्टिवो आणि आर्नाउट व्हान द राइट या संशोधकांनी त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांतून काही जण निवडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतल्या काहींना तारे दिले आणि बाकीच्यांना दिले नाहीत. पुढच्या ९० दिवसांत तारा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. अनोळखी माणसाने दिलेल्या, कवडीही न मोजलेल्या चित्राने एवढं होतं. आपल्याकडे तर देणारा ओळखीचा असतो.

आता दुसरी बाजू. ती आपल्यालाही ठाऊक असेल, पण परिपत्रकात ती कुठेच दिसली नाही. क्रिप्टोपंक्स नावाची १०,००० टोकन-चित्रं जून २०१७ मध्ये निघाली तेव्हा जवळपास फुकट वाटली होती, ज्याला हवी त्याने घ्यावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्रिप्टोकिटीज नावाची टोकन-मांजरं आली आणि डिसेंबरात त्यांच्या खरेदी-विक्रीने ती ज्या ब्लॉकचेनवर होती त्या इथेरियमचं जाळं तुंबलं. मार्च २०२१ मध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात बीपल या चित्रकाराची एक डिजिटल कलाकृती ६ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेली. या आकड्यांनी भल्याभल्यांचे डोळे दिपले, तिथे आपले दिपले तर दोष देत नाही. पण एफ-वन डेल्टा टाइम या खेळाचंही पाहा. त्यातली एक आभासी गाडी २०१९ मध्ये १ लाख डॉलरच्या वर विकली गेली होती. मार्च २०२२ मध्ये परवाना संपला आणि खेळ बंद पडला. कंपनीने मालकांना बदली वस्तू देऊ केल्या. टोकन ज्याच्या त्याच्या नावावर शाबूत राहिलं. ती गाडी जिच्यात पळायची ती शर्यत मात्र राहिली नाही.

परिपत्रकात आपण ‘ब्लॉकचेनमुळे मोहोरा कायमच्या टिकतील’ असं लिहिलंय, त्यावरही थोडं थांबावं लागेल. साखळीवर बहुतेक वेळा नोंद टिकते. चित्र कुठल्या तरी सर्व्हरवर असतं आणि त्या सर्व्हरचं भाडं कोणीतरी भरावंच लागतं. म्हणजे ज्या खर्चासाठी आपण हे करतो आहोत तो खर्च तसाच उरतो. ब्लॉकचेनच्या बाजूने बोलणारं एक उदाहरणही मला माहीत आहे आणि ते दडवणं बरोबर नाही. हिक एट नुंक नावाचा कलाकारांचा एक बाजार नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या चालकाने अचानक बंद केला. नोंदी आणि चित्रं उघड्या, सगळ्यांना मिळतील अशा जाळ्यात ठेवलेली होती. तिथल्या लोकांनी लगेच त्याच्या प्रती उभ्या केल्या आणि पुढे ‘तेया’ नावाने तो मिळून चालवायला घेतला. मला यातून दिसतं ते असं, की सामग्री उघडी असावी आणि तिच्यासाठी रात्र जागणारी माणसं असावीत. ही माणसं आपल्याकडे आहेत. त्यांनाच आपण गिऱ्हाईक करायला निघालो आहोत.

कराचा मुद्दा चटकन सांगते, कारण बँकेतली सवय जात नाही. अशी टोकनं आपल्या कायद्यात आभासी डिजिटल मालमत्ता ठरतात. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून ठरावीक रकमेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस आहे. शिरूरच्या त्या मुलीला बोरूची मोहोर मिळाल्यावर तिने पहिल्यांदा हे समजून घ्यायचं का?

पैशाची अडचण खरी आहे हे मी जाणते. हिशेब मी पाहिलाय. फोटो वाढताहेत, जागा अपुरी पडते आहे, आणि आपल्यापैकी दोघे गेली दोन वर्षं खिशातून भरताहेत. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी इथे बोलते. पण पैसा उभा करायची रीत पुण्याला नवी नाही. गणपती मंडळाचा अहवाल उघडा. त्यात वर्गणीदारांची यादी एका पानावर असते आणि कार्यकर्त्यांची दुसऱ्या पानावर. दोन्ही लागतात, दोन्हींना मान आहे, पण या पानावरचं नाव पैसे देऊन त्या पानावर जात नाही. आपणही वर्षाची वर्गणी ठरवू या, पावती देऊ या, देणगीदारांची नावं ठळक छापू या. त्यांच्यासाठी एखादं वेगळं सुंदर चित्र काढा, ते पैसे देऊनच मिळतं असं स्वच्छ लिहा, मी पहिली घेईन. विद्यार्थ्यांना वर्गणी माफ असावी. माझी पाच वर्षांची मी एकदम भरायला तयार आहे आणि असे आणखी नऊ जण मी विचारून ठेवले आहेत.

जुन्या मोहोरांचं काय, हा माझ्यासाठी सगळ्यांत नाजूक भाग. ‘विलीन’ म्हणजे देणाऱ्याचं नाव आणि ती ओळ राहणार की जाणार, हे आपण कुठेच म्हटलेलं नाही. ऑर्कुट हे फेसबुकसारखं संकेतस्थळ ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. माझ्या भावाच्या तिथल्या पानावर त्याच्या मित्रांनी त्याच्याविषयी लिहिलेली टेस्टिमोनियल्स, म्हणजे कौतुकाचे चार शब्द, होती. त्यातला एक मित्र पुढे अपघातात गेला. भावाने ती उतरवून ठेवली नव्हती. आज त्याला त्यातलं अर्धं वाक्य आठवतं, आणि उरलेलं अर्धं तो अजून शोधतो. फार्मव्हिल हा शेतीचा ऑनलाइन खेळ ३१ डिसेंबर २०२० ला मिटला. शेजारणींनी एकमेकींना भेट दिलेल्या गाई-झाडांचं तिथेच संपलं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२३ च्या सप्टेंबरात आपली जुनी पारितोषिकं आणि नाणी बंद केली, तेव्हाही लोक चिडले होते. या चित्रांना बाहेर कोणी विचारत नव्हतं. आत ती कोणीतरी कोणाला दिलेली होती, आणि घेणारा ती जपत होता.

म्हणून काहीही ठरवायच्या आधी एवढं करा. प्रत्येक सभासदाला त्याच्या सगळ्या मोहोरा, नावं, तारखा आणि ओळींसकट उतरवून घेता येतील अशी सोय द्या, छापता येईल अशा स्वरूपात. निदान सहा महिने ती उघडी ठेवा. जे आता हयात नाहीत त्यांची पानं त्यांच्या घरी पोहोचवायचं काम मी अंगावर घेते. जो मजकूर मोडीत लिहिला गेलाय तो मोडीतच राहू द्या. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतात, मोडी आली आहे, तेव्हा त्याची चित्रं करून ठेवायची गरज नाही.

शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात मी नातीला घेऊन नेहमी जाते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून हजारो वस्तू जमवल्या आणि आपला संग्रह शासनाच्या हवाली केला. संग्रहाला नाव दिलं लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. तिथले दिवे आणि अडकित्ते पाहताना नातीने गेल्या खेपेला विचारलं, ‘आजी, हा अडकित्ता कोणाचा होता?’ पाटीवर ते नव्हतं. मी म्हटलं, कोण्या एका घरातला असेल. तिला ते पटलं नाही. पुढच्या प्रत्येक कपाटापाशी ती तेच विचारत राहिली.

आपल्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वस्तूमागे लिहिलेलं आहे, आणि ते आपण स्वतःच्या हाताने पुसायला निघालो आहोत.

रविवारच्या बैठकीला मी येते आहे. मिरजेच्या काकूंना प्रवास झेपत नाही, त्यांचं मत त्यांनी मला लेखी दिलंय, तेही वाचून दाखवीन. आपण हा समूह उभा केलात म्हणून माझं निवृत्तीनंतरचं आयुष्य भरलं, हे मी विसरत नाही. मतभेद आहे तो या एका ठरावापुरता.

कळावे, लोभ असावा.

आपली,
समूहातली एक वाचक,
कसबा पेठ, पुणे

ता. क. – गेल्या मंगळवारच्या कागदावरचं साल मी ‘सलास सितैन मया व अलफ’ असं वाचलं आणि इसवी सन १७६२-६३ लावलं. निजामाने पुणे लुटलं त्या धामधुमीतलं पत्र आपल्या हाती आलं म्हणून सगळ्यांना कळवलंही. शिरूरच्या मुलीने काल रात्री दाखवलं की तिथे ‘सितैन’ नाही, ‘सबैन’ आहे. म्हणजे १७७२-७३, दहा वर्षं पुढचं. तिचं बरोबर आहे, मी भिंग लावून पाहिलं. हरताळाची मोहोर द्यायला गेले तर ते बटण बैठकीपर्यंत बंद ठेवल्याचं दिसलं. कृपा करून आजच्या आज चालू करा. तिची मोहोर माझ्याकडे राहिली आहे.